बेडकांच्या मागे निघालेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. जराशी वाकलेली, पण सरकारी. ‘येथे दुर्मीळ बेडूक राहतात. कायद्याने संरक्षित’ असं माझ्या अंगावर लिहिलं आहे. डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याकाठी मला सिमेंटात पक्कं रोवलं. मला पाहून लोक आवाज खाली आणत. बेडूक आणत नसत.

मग उन्हाळे वर्षागणिक तापू लागले. तळं कोमट झालं, पुढे आटलं. बेडकांनी कोणालाही न विचारता बिऱ्हाड वरच्या थंड डबक्यात हलवलं. मी सरकारी, त्यामुळे हलले नाही. राखणदारमामा मात्र कोरड्या तळ्याची राखण चोख करीत. तपासणीआधी मला नवा रंग मिळे. एकदा तर माझ्यावर बेडकाचं चित्रही काढलं. तळ्याकाठी तेवढाच एक बेडूक उरला होता.

एके दिवशी वरचं डबकं बुजवून गाड्या लावायला जागा करावी म्हणून ठेकेदार यंत्र घेऊन आला. बेडकांचा अभ्यास करणारी मामांची भाची आडवी उभी राहिली.

“ताई, संरक्षण पाटीपाशी. डबकं पाटीच्या बाहेर!” ठेकेदार हसला.

भाची कोर्टात गेली. काम थांबलं आणि न्यायाधीशबाई स्वतः धापा टाकत डोंगरावर आल्या.

“मामा, बेडूक कुठं आहेत?”

“इथं वर, बाईसाहेब.”

“आणि तुम्ही राखता कुठं?”

“खाली. पाटी खाली आहे ना!”

“मग चुकलं कोण?”

“बेडूकच की!” ठेकेदार म्हणाला. “पत्ता बदलल्याचं कळवायला नको?”

बाई हसल्या, पण निकाल हसण्यावारी नेला नाही. “कायदा बेडकासाठी आहे, कोरड्या खड्ड्यासाठी नाही. ऊन वाढलं की बेडूक वर सरकणारच. तो आज आहे तिथं आणि उद्या जाईल तिथंही संरक्षण.”

यंत्र आल्या वाटेने परत गेलं. मामांनी मला पहारीने उपटून खांद्यावर घेतलं.

“केवढी जड गं बाई! इतकी वर्षं काय खाल्लंस?”

“रंग, मामा,” भाची म्हणाली.

आता मी डबक्याकाठी उभी आहे. काल एक पिटुकला बेडूक माझ्यावरच्या चित्राकडे बघून ओरडला. चित्राने उत्तर दिलं नाही. डबक्यातल्या सगळ्या गोतावळ्याने दिलं.

यावेळी मला सिमेंट नाही, नटबोल्ट आहेत. आणखी वर, झऱ्यापाशी, माझ्यासाठी खड्डाही खणून ठेवला आहे. मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल, वेळ आली की हलवायला विसरू नका. मात्र झऱ्याच्या वर नुसतं आभाळ आहे, आणि तिथे पाटी रोवता येत नाही. तेव्हा खालची धग कमी करायचं तेवढं तुम्ही बघा. बेडकांकडे मी बघते.