आखूड नळीचा पल्ला

शस्त्राची निवड ही माणसाच्या विवेकाची अखेरची कसोटी असते, असं वासुदेव केळुसकर गेले तीन आठवडे भेटेल त्याला सांगत होते. वासुदेवराव मिठाईचे खोके बनवतात.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये त्यांचा पुठ्ठ्याचा कारखाना आहे. मशीन दोन. दुसरं मार्चपासून प्लॅस्टिकखाली झाकलेलं. ते चालवणारा जमाल एकोणीस वर्षांपासूनचा जुना माणूस, आणि मार्चपासून तो त्या प्लॅस्टिकवरची धूळ पुसत होता. जूनपर्यंत काम मिळालं नाही तर मशीन विकायचं आणि जमालला गोरखपूरला परत पाठवायचं, असं ठरलं होतं. जमालला हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे त्याला ते पक्कं माहीत होतं.

अशात अबुधाबीच्या एका सुरक्षारक्षक प्रशिक्षण केंद्राची ईमेल आली. नेमबाजीच्या सरावासाठी पुठ्ठ्याची टार्गेट्स हवीत, महिन्याला बारा हजार. सराव आखूड नळीच्या रायफलींवर. नमुने घेऊन या.

"डॅड, जस्ट सेंड द कोटेशन," शर्वाणी म्हणाली. ही त्यांची मुलगी. कारखान्याचं ऑफिस तीच बघते.

"असं कसं? आत काय जाणार ते आधी बघायला नको?"

हा वासुदेवरावांचा धंद्यातला एकमेव सिद्धान्त. पूर्वी एका मिठाईवाल्याला त्यांनी पेढ्यांच्या मापाने अकराशे खोके करून दिले होते. त्याने त्यात बेसनाचे लाडू भरले. दिवाळीच्या ऐन तोंडावर अकराशे झाकणं बसेनात. तेव्हापासून आत काय जाणार हे कळल्याशिवाय केळुसकर पुठ्ठ्याला हात लावत नाहीत. इथे आत काही जाणारच नव्हतं, आरपार जाणार होतं. पण सिद्धान्त तो सिद्धान्त.

त्यांनी अभ्यास सुरू केला. दुबईत अल बर्शातल्या घरी जेवायला बसलं की व्याख्यान.

"लांब नळीत दारू पुरती जळते. आखूड नळीत गोळी बाहेर पडली तरी दारू शिल्लकच असते, ती बाहेर येऊन जळते. म्हणजे जाळ जास्त, आवाज जास्त, पल्ला कमी."

"मराठी मंडळाच्या अध्यक्षांसारखं," त्यांची बायको उर्मिला आमटी वाढत म्हणाली.

"ऐक तर. वेग पडला की हलकी गोळी लांबवर काही कामाची राहत नाही. म्हणून आखूड नळीला काही लोक मुद्दाम जड, सावकाश जाणारी गोळी वापरतात. तिला थोडीच दारू लागते, ती नळीतच जळून जाते. पण मग जवळचंच मारायचं."

"भात घेताय की पल्ल्याच्या बाहेर आहे?"

शर्वाणीने कोटेशन पाठवायचं चौथ्यांदा सुचवलं. "डॅड, इट्स अ होल इन अ कार्डबोर्ड."

"कुठल्या गोळीचं होल, ते सांग!"

शर्वाणीने लॅपटॉप मिटला. वासुदेवराव जिंकले.

मग नमुने तयार झाले. वेगवान हलक्या गोळीसाठी पाच थरांचा, आणि जड संथ गोळीसाठी वेगळ्या कागदाचा, भोकाच्या कडा न फाटणारा. जमालने मशीनवरचं प्लॅस्टिक काढलं आणि तीन दिवस खपून दोन्ही कापून दिले. तिसऱ्या दिवशी वासुदेवरावांनी त्याला कारखान्याच्या आवारात उभं केलं, छातीशी पुठ्ठा धरायला लावला आणि दीडशे पावलं मोजत मागे गेले. या अंतरावरून लक्ष्य कसं दिसतं ते त्यांना पाहायचं होतं.

"साब!" जमाल तिकडून ओरडला. "नौकरी से निकालना है तो सीधा बोल दो ना!"

"अरे, कुछ नहीं होगा! हिलो मत!"

शेजारच्या गोदामातले चार जण काम सोडून बघायला आले. जमाल हलला नाही, पण पुठ्ठा मात्र त्याने डोळ्यांपर्यंत वर घेतला.

शर्वाणीला घेऊन अबुधाबीला निघायच्या सकाळी नमुन्यांचे कोपरे दुमडू नयेत म्हणून जमालने ते खोक्यांच्या उरलेल्या साध्या पुठ्ठ्यात गुंडाळले आणि सुतळीने बांधून दिले. "ऑर्डर लेके आना, साब," एवढंच म्हणाला.

केंद्रात खरेदी बघणाऱ्या सुमैय्याबाई होत्या आणि त्यांचे नेमबाजीचे प्रशिक्षक अर्सलानभाई. वासुदेवरावांनी लॅपटॉप उघडला. सव्वीस स्लाइड होत्या. सातवीवर, आखूड नळीच्या पल्ल्यापाशी, अर्सलानभाई खुर्चीत पुढे सरकले.

"जनाब, डेढ़ सौ मीटर से आगे इसका भरोसा नहीं."

"भाईसाब, वो गोली पर है ना! जड गोली लिया तो डेढ़ सौ भी बहुत है. हल्की लिया तो आगे जाएगी, लेकिन जाके करेगी क्या?"

"करेगी क्या! आपने चलाई है कभी?"

"मैं डब्बा बनाता हूँ. लेकिन आप मुझे ये बताओ, असरदार मतलब क्या? लगना, या लगके कुछ होना?"

अर्सलानभाईंना हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी बहुधा बारा वर्षांची इच्छा होती. त्यांनी चहा मागवला. पुढचा सव्वा तास दोघं कागदावर नळ्या काढत होते. अर्सलानभाई दीडशेवर अडले होते, वासुदेवराव शंभरवर. सुमैय्याबाईंनी घड्याळ पाहिलं, मग शर्वाणीकडे पाहिलं. शर्वाणीने इंग्रजीत आणि थोड्या अरबीत डॅडबद्दल माफी मागितली.

"खलास, बस्स झालं," सुमैय्याबाई शेवटी अरबीमिश्रित इंग्रजीत म्हणाल्या. "टार्गेट दाखवा."

वासुदेवरावांनी सुतळी सोडली आणि दोन्ही नमुने सन्मानाने टेबलावर मांडले. सुमैय्याबाईंनी ते हातात घेतले, ठेवले, आणि वरून गुंडाळलेला पुठ्ठा उचलला.

"हा कुठला?"

"तो? तो काही नाही, मॅडम. पॅकिंग आहे. मिठाईच्या खोक्याचा."

त्यांनी तो अर्सलानभाईंना दिला. अर्सलानभाईंनी खिशातलं पेन काढून त्यात खुपसलं. स्वच्छ भोक पडलं. त्यांनी मान हलवली.

"हा," सुमैय्याबाई म्हणाल्या. "बारा हजार. पुढच्या महिन्यापासून."

परतीच्या वाटेवर वासुदेवराव शारजापर्यंत दोन्ही नमुने मांडीवर घेऊन बसले होते. कारखान्यात जमाल दारातच उभा होता. शर्वाणीने गाडीतूनच दोन्ही अंगठे वर केले. जमाल आत गेला आणि प्लॅस्टिकची घडी करून ती रद्दीत टाकली.

पहिला माल पोचवायला वासुदेवराव स्वतः गेले. सरावाचा हॉल त्यांनी तेव्हा प्रथम पाहिला. अर्सलानभाईंनी हौसेने दार उघडून दिलं. सवयीप्रमाणे वासुदेवराव पावलं मोजत निघाले, आणि लगेचच भिंत आली.

हॉल पंचवीस मीटर लांब आहे.