नवसाबाईंनी बोटांनी पाहिलेलं घर

मी एका लहान घराचा जुना नकाशा आहे. माझ्या घड्या फाटल्या आहेत आणि एका कडेला किड्यांनी मला खाल्लं आहे. तरी मित्रांनो, माझ्यावर आखलेलं घर नाशिकला अंबडजवळ आजही उभं आहे.

माझा जन्म १९९६ सालचा. अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या धनराजने बारा वर्षं भाड्याच्या खोलीत काढून एक छोटा प्लॉट घेतला होता. भिमाजी नावाच्या ड्राफ्ट्समनने मला आखलं. धनराजच्या मनासारखी मोठी बैठकीची खोली, आतून जिना, मागे आईसाठी खोली आणि मागच्या अंगणात मोरी-संडास. धनराजने मला भिंतीवर लावलं. कामावरून आला की हात धुऊन आधी माझ्यासमोर उभा राहायचा.

मग भिमाजीने खर्चाचा अंदाज दिला. कर्ज धरूनही पैसे चाळीस हजारांनी कमी पडत होते.

"आईची खोली तूर्त सोडू," धनराज खाली मान घालून बायकोला, आशाला म्हणाला. "पुढे जमेल तेव्हा बांधू."

 आशाच्या सासूबाई नवसाबाई तेव्हा नांदगावहून त्यांच्याकडे आल्या होत्या. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते आणि ती दृष्टी परत येणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. नवसाबाईंना गावी परतायचं होतं. "तिथलं घर माझ्या हातापायाला ठाव हाय," त्या म्हणत. "नव्या घरात मी कोपऱ्यात बसून ऱ्हाईन." पण गावी त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. चुलीवर एकदा पदरही पेटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आशाने मला भिंतीवरून काढलं. कणकेची खळ शिजवली आणि माझ्या प्रत्येक भिंतीवर सुतळी चिकटवली. दाराच्या जागा मोकळ्या सोडल्या. सासूच्या खाटेच्या जागी शर्टाचं बटण लावलं. संध्याकाळी तिने मला नवसाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"आई, हे आपलं घर. हात लावून बघा."

त्या खरबरीत बोटांचा स्पर्श मी विसरलेलो नाही. ती बोटं दारापुढच्या ओट्यावरून आत आली आणि बैठकीच्या खोलीत बराच वेळ फिरत राहिली.

"ही येवढी मोठी खोली कुनाची?"

"पाहुण्यांची," धनराज म्हणाला.

"आन मोरी?"

आशाने त्यांचं बोट मागच्या दारातून अंगणात नेलं. ते तिथेच थांबलं.

"मंग पावसात मला कोन नेईल, धना?"

 धनराज म्हणाला, "आई, कंपनीतली माणसं येतील. बसायला जागा नको?"

"येतील ती ओट्यावर बसतील. मला काय, खाट मावली तरी लय झालं. पन उठलं की कुनाला हाक मारावी लागू नाय."

धनराज उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "उद्या भिमाजीला बोलावतो," एवढंच तो म्हणाला.

भिमाजीने सुतळीवर हात फिरवला आणि लाल पेन्सिल काढली. बैठकीची खोली चार फुटांनी कमी झाली. आतला जिना गेला. मोरी-संडास घरात आले, आईच्या खोलीला लागून. स्वयंपाकघर आणि मोरी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना घेतल्यामुळे नळाचा खर्चही कमी झाला. हिशेब बसला आणि आईची खोली राहिली. आशाने जुनी सुतळी काढून नव्या लाल रेघांवर पुन्हा चिकटवली.

मंजुरीसाठी दुसरी प्रत निघाली, पण बांधकामावर आशा मलाच घेऊन जायची. एकदा कोंडाजी मिस्त्रीने सवयीने आईच्या खोलीच्या दाराला उंबरा बसवला.

"बिनउंबऱ्याचं दार कुठं असतं का, ताई?" तो म्हणाला.

आशाने मला उघडून त्याचं बोट त्या जागेवर ठेवलं. "मिस्त्री, इथे सुतळी नाही." कोंडाजीने उंबरा काढला.

१९९७च्या अक्षय्य तृतीयेला सगळे राहायला आले. धनराजने आईला हात दिला. त्यांनी तो हळूच बाजूला केला. भिंतीला बोटं लावत त्या एकट्या आत गेल्या, वळल्या, आपल्या खाटेवर जाऊन बसल्या. काही वेळाने मोरीतून पाण्याचा आवाज आला. धनराज बैठकीच्या लहानशा खोलीत उभा राहून तो ऐकत होता.

नवसाबाई त्या घरात नऊ वर्षं जगल्या. शेवटच्या आजारातले चार दिवस सोडले, तर त्यांनी मोरीकडे जायला कुणालाही हाक मारली नाही.

मला मात्र पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि सगळे विसरले. खळीच्या वासाने किडे आले. गेल्या वर्षी घरपट्टीचे कागद शोधताना आशाला मी सापडलो. तिने माझ्यावरची धूळ झटकली, आणि धनराज कितीतरी वेळ मला हातात धरून बसला.

मित्रांनो, तुमच्या घरीही असे जुने कागद असतील. वर्षातून एकदा त्यांना ऊन दाखवा. आणि कधी घर आखायला बसलात, पैसे पुरेनात आणि काय कमी करावं ते सुचेना, तर घरातल्या प्रत्येकाला विचारा. ज्याला नकाशा दिसत नाही, त्याला सगळ्यात आधी विचारा.