गॅस टिकत नाही

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी उत्तमराव गावंड्यांची बायको बर्फाची झाली आणि त्यांच्या पांढऱ्या गाडीत, मागच्या सीटवर, राहायला गेली. अकोल्याच्या उन्हात दुसरी सोय नव्हती. फ्रीजमध्ये ठेवा, असं सुचवणारे पुष्कळ भेटले. बोलायला लोकांचं काय जातं! पण चंद्रकलाबाईंनी साफ सांगितलं, "मी का कोथिंबीर आहो?"

तेव्हा एसी सतत चालू ठेवायचा आणि इंजिन बंद करायचंच नाही, असं ठरलं. उत्तमराव स्टिअरिंगवर बसून असत. शेजारच्या सुनंदाबाई दह्याचं भांडं मागच्या सीटवर ठेवून जात. शेजारधर्म होता, नाही म्हणता येत नव्हतं.

उत्तमराव बाजार समितीत हर्रास बोलणारे. तुरीच्या ढिगावर उभं राहून भाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेला होता. जेवताना बोलायचे, न्हाणीत बोलायचे, झोपेत तर दोन व्यापाऱ्यांचे आवाज काढायचे. गाडीतही त्यांची टकळी बंद नव्हती. चंद्रकलाबाई डोळे मिटून ऐकत, आणि गाडी गार असेल तर हसतही.

अडचण एकच होती. एसीतला गॅस टिकत नव्हता. पहिल्यांदा तो कमी झाला, तेव्हा चंद्रकलाबाईंची करंगळी गेली. सीटवर चमचाभर पाणी दिसलं. ते फडक्यानं पुसायचं की काय करायचं, हे उत्तमरावांना कळेना. ते तसंच ठेवून त्यांनी गाडी जब्बारभाईंच्या गॅरेजला नेली.

"लीकेज हाय काका," काच ठोकून जब्बारभाई म्हणाले. गाड्यांच्या एसीचं काम त्यांच्यासारखं कोणी करत नसे. "पूरा गॅस काढा लागते, मंग व्हॅक्यूम मारा लागते. अर्धा घंटा गाडी बंद."

"अर्धा घंटा?" उत्तमरावांनी मागं वळून पाहिलं. "नाही बाप्पा. तुमी थोडासा गॅस मारून द्या. लीकेज मंग पाहू."

सगळेच असं म्हणतात. कोणाला लग्नाला पोचायचं असतं, कोणाला दवाखान्यात. जब्बारभाईंनी चालत्या गाडीला पाइप जोडले आणि सिलिंडर उघडला. मीटरचा काटा वर चढला. चंद्रकलाबाईंच्या ओठांवर पांढरी साय धरली. "आता बरं वाटते," त्या म्हणाल्या.

उत्तमराव गाडी फिरवत राहिले, तेव्हा तो गॅस मूर्तिजापूरपर्यंत पुरला. तिथं हवा कोमट झाली आणि तिथंच रस्ता संपला. पुढं डांबर नव्हतं, बाभळी नव्हत्या, काही नव्हतं. उत्तमरावांनी गाडी वळवून परत गॅस मारून घेतला. तो बोरगावपर्यंत पुरला, रस्ताही बोरगावलाच संपला. त्यापुढचा उड्डाणपुलाच्या चढापर्यंत. गाडी जिथवर गार, तिथवरच अकोला उरलं. उत्तमरावांचं घर पलीकडं राहिलं, बाजार समिती राहिली, सुनंदाबाईही भांड्यासकट राहिल्या.

"दही आंबटच असे तिचं," चंद्रकलाबाई म्हणाल्या. त्यांचा एक कान तोवर गेला होता.

उत्तमरावांना रडू आलं. बायकोला दिसू नये म्हणून त्यांनी ज्वारीचे भाव सुरू केले.

शेवटी गॅस गॅरेजच्या फाटकापुरताच पुरू लागला. फाटकाबाहेर काही नव्हतं. जब्बारभाईंचा घरून येणारा डबा आला नाही.

"काका, हा शेवटचा सिलिंडर," ते म्हणाले. "दुसरा आणू कुठून? रस्ताच नाही. आता लीकेज पाहाच लागते."

"पण गाडी बंद नका करू."

"नाही करत."

त्यांनी वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशनं सगळ्या पाइपांना लावला. गळती असते तिथं बुडबुडा फुगतो, ही त्यांची वडिलांपासूनची रीत. एकाही सांध्याला बुडबुडा आला नाही. कंप्रेसरला नाही, दाराच्या रबरांनाही नाही. उत्तमराव शेजारी उभे राहून त्यांना धीर देत होते. असंच एकदा सरकीच्या पोत्यात साप निघाला होता, मग काय झालं, वगैरे. जब्बारभाईंनी वैतागून ब्रश झटकला. फेस उडून उत्तमरावांच्या मिशीवर बसला.

तिथं बुडबुडा आला. तो लिंबाएवढा झाला, मग नारळाएवढा. फुटला तेव्हा गार हवेचा झोत दोघांच्या तोंडावर आला. गाडीला लावलेला काटा घसरला.

"बोला बरं अजून काही," जब्बारभाई म्हणाले.

"काय बोलू?"

काटा आणखी घसरला.

"सापडलं. याले वेल्डिंग होत नाही काका. तोंड मिटून ठेवा."

उत्तमरावांनी तोंड मिटलं. जब्बारभाईंनी शेवटचा सिलिंडर रिकामा केला. काटा वर चढला आणि तिथंच राहिला. मागच्या सीटवर चंद्रकलाबाईंची करंगळी नखासकट परत आली. पाठोपाठ कान आला. उत्तमरावांना इतका आनंद झाला, की तो सांगता येत नाही हीच मोठी शिक्षा वाटली. ते गुपचूप स्टिअरिंगवर जाऊन बसले.

बर्फ वाढतच गेला. चंद्रकलाबाईंच्या डोळ्यांवर जाड, पांढरा थर चढला.

"अजी," त्या म्हणाल्या, "मले दिसून नाही राहिलं. आहा ना तुमी?"

उत्तमरावांनी हॉर्न वाजवला.

"कोणाची गाडी आली भाऊ?" चंद्रकलाबाईंनी विचारलं.

जब्बारभाईंनी दाराच्या फटीपाशी तोंड नेलं. "काकू, काका इथंच हाय. तुमच्यासमोर बसले हाय. लीकेज त्यांच्यातून हाय म्हणून बोलत नाहीत."

चंद्रकलाबाईंनी मान हलवली. मानेतून कडकड आवाज आला.

"भाऊ, तुमी चांगले आहा. पण मले खोटं नका सांगू. लग्न लागताना भटजीनं दटावलं, तरी हा माणूस गप बसला नव्हता. माय मेली तेव्हा रडता रडता बोलत होता. गप आहे म्हणजे नाही आहे. उन्हात कुठी पडले असतीन. मलेच पाहा लागीन."

त्यांनी दाराचा खटका चाचपायला सुरुवात केली. बाहेर ऊन पत्र्यावर खदखदत होतं. जब्बारभाईंनी बाहेरून दार दाबून धरलं, पण बर्फाला भलताच जोर असतो. दार बोटभर उघडलं, मग वीतभर.

उत्तमरावांनी एका हातानं स्वतःचं तोंड दाबलं, दुसरा हात बायकोच्या हाताकडं नेला. हाताची धग लागताच तिच्या मनगटावरून पाणी ओघळलं. त्यांनी तो हात मागं घेतला. मग तोंडावरचाही काढला.

"ओ," ते म्हणाले.

आवाज हर्रासातला होता, साऱ्या आवारात पोचणारा, आणि आता तो थांबेना. काटा तळाशी गेला. चंद्रकलाबाईंचा चेहरा निवळला. "हे काय, इथंच बसले," त्या म्हणाल्या, आणि दार सोडून त्यांनी निवांतपणे हात मांडीवर ठेवायला नेला, तर तिथं मांडी नव्हती.