निळ्या पानाचा माल

कासमभाईंनी करंडी दोन्ही हातांनी उचलली आणि शकुनच्या समोर, लिलावाच्या ओट्याखाली अंथरलेल्या पोत्यावर उपडी केली. वरून दिसावीत म्हणून रचलेली केशरी संत्री तळाला गेली आणि तळाची वर आली. बारीक, हिरवट, काही देठाशी मऊ पडलेली. एक घरंगळत शकुनच्या पायापाशी येऊन थांबलं.

"पाहा बाई," कासमभाई म्हणाले. "हे तुमचं निळं पान."

करंडीच्या तोंडावर शिवलेलं गोणपाट त्यांनी तिच्यापुढं धरलं. त्यावर निळ्या दोऱ्यानं एक पान काढलेलं होतं. मधली शीर आणि दोन्ही बाजूंना तिरपे टाके.

"थे आता आमचं नाई," मागून देवीदास म्हणाला. "थे दादाचं हाये. आमची तांबडी चिमनी हाये. थे तिकडे लावल्या आमच्या करंड्या."

"मले मालूम हाये. पन गिऱ्हाईकाले काय मालूम? काल मुंबईवाल्या शेटनं अशी एक करंडी तशीच वापस पाठवली. म्हने, कासमभाई, पान पाहून घेतली, खोलून नाई पाहिली."

अकोल्याच्या फळबाजारात कासमभाईंची अडत त्यांच्या वडलांपासूनची. वऱ्हाडातल्या बागा त्यांना झाडांवरून नाही, करंड्यांवरून ओळखू यायच्या. निळं पान पहिल्यांदा त्यांच्याच ओट्यावर उतरलं होतं.

शकुन लग्न होऊन बडनेऱ्याजवळच्या एका गावात आली तेव्हा घर एकत्र होतं. थोरले दीर खुशालराव, जाऊ मनकर्णाबाई, आणि शकुनचा नवरा देवीदास. संत्र्याची बाग एक, विहीर एक. तोडा झाला की करंड्या बैलगाडीनं बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर जात आणि तिथं साऱ्या गावांच्या करंड्यांत मिसळून जात. एकदा त्यांचा माल दुसऱ्याच्याच नावावर विकला गेला. पुढच्या तोड्याला शकुननं वाकळीतून उरलेला निळा दोरा घेतला आणि प्रत्येक गोणपाटावर एक पान शिवलं. तेवढ्यापुरतंच, ओळखू यावं म्हणून.

पण त्याच दिवशी करंड्या भरताना मनकर्णाबाई बारकी फळं तळाला टाकू लागली. सगळेच टाकत. शकुननं तिचा हात धरला.

"जाऊबाई, वर आपलं पान हाये."

मनकर्णाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं ती फळं काढून बाजूला ठेवली.

एवढ्यानंच सुरुवात झाली. पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी एक-दोन व्यापाऱ्यांनी तळापर्यंत हात घालून पाहिलं आणि मान हलवली. पुढं पुढं तर निळ्या पानाची करंडी कोणी उघडून बघेना. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा तो नुसतं पान बघून. एका बागाईतदारानं तसंच पान आपल्या करंड्यांवर शिवून पाहिलं, तेव्हा खुशालरावांनी भर बाजारात त्याचं मनगट धरलं आणि त्याच्याच हातानं एकेक टाका उसवायला लावला. त्या दिवशी खुशालराव घरी आले ते मिशीला पीळ देतच. जेवताना त्यांनी तीनदा ती हकिकत सांगितली.

आणि म्हणूनच, वाटणीला बसल्यावर, झाडं झाली, विहिरीच्या पाळ्या झाल्या, बैल झाले, आणि पंच म्हणून बसलेले वामनकाका उठायला लागले तेव्हा खुशालराव म्हणाले,

"पान माह्याकडे राहीन. घराचं नाव हाये थे. नाव थोरल्याकडे असते."

देवीदास ताडकन उभा राहिला. पण दाराआडून शकुनचा आवाज आला.

"राहू द्या. घेऊ द्या त्याईले."

रात्री देवीदासनं विचारलं, काहून सोडलं म्हणून. ती सुईत तांबडा दोरा ओवत होती.

"पान माह्या हातानं झालं," ती म्हणाली. "हात तं वाटनीत नाई गेला."

तांबड्या चिमणीला बाजारानं हसून घेतलं. ही कोणाची चिमणी, उडून जाईन ना, असं म्हणत व्यापारी करंड्या तळापर्यंत उपसायचे. शकुन स्वतःच उपसून दाखवायची. फळं पोत्यावर मांडायची, पुन्हा गवत घालून भरायची. सारा बहर तिनं असा काढला. यंदा पहिल्या तोड्याला कोणी चिमणी उघडली नव्हती.

आणि आज तिच्यापुढं हे पोतं होतं.

कासमभाईंनी आवाज खाली आणला. "मी सांगू का? आज लिलावाच्या पयले मी ओट्यावरून हाळी देतो. निळं पान संपलं, असली माल आता चिमनीचा. तुमचा भाव आजच चढते. सारा बाजार तुमाले अगोदरच मानते. बोला."

देवीदासचा चेहरा उजळला. "द्या हाळी," तो म्हणाला. "खरं तेच तं हाये."

शकुननं गोणपाट हातात घेतलं. टाके मनकर्णाबाईचे होते. पानाचं टोक जरा वाकडं गेलं होतं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

"दादांच्या किती करंड्या आल्या?"

"नऊ. ही धरून."

"सगळ्या इकडे द्या."

खुशालराव बाजाराला आले नव्हते. माल रेल्वेनं अडत्याकडं पाठवून दिला होता. करंड्या शकुनपुढं आल्या. तिनं पदर खोचला, खाली बसली, आणि एकेक करंडी उघडून फळं निवडायला लागली. चांगलं एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला, मऊ पडलेलं तिसरीकडं. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. नऊ करंड्यांतल्या चांगल्या फळांनी तीन भरल्या. चौथी अर्धीच राहिली.

तिनं मागं हात करून आपली एक चिमणीची करंडी ओढली आणि सुतळी कापली.

"काय करून राहिली तू?" देवीदास तिच्या शेजारी उकिडवा बसला. "आपला माल त्याच्या करंडीत?"

"त्याईच्या करंडीत नाई," ती म्हणाली. "माह्या पानाखाली."

"तुहं कुठं राहिलं थे पान?"

ती आपल्या करंडीतली संत्री काढत राहिली. चौथी करंडी तळापासून गळ्यापर्यंत भरली, वर गवत दाबलं, आणि निळ्या पानाचं गोणपाट ताणून पुन्हा शिवलं. उरलेल्या पाच गोणपाटांवरची पानं तिनं सुईच्या टोकानं उसवली. बारकी फळं ढीग करून सुट्टी विकायला कासमभाईंच्या माणसाकडं दिली.

"याचे जे येतीन थे दादांले द्या. मऊ पडलेलं कोनाले विकू नका."

कासमभाईंनी भरलेल्या चारही करंड्या ओट्यापाशी लावून घेतल्या. मग ओट्यावर चढले आणि त्यांनी हाळी दिली, ती त्यांनी ठरवलेली नव्हती.

"निळं पान! चार करंड्या! तळापासून निळं पान!"

परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत देवीदास खिडकीतून कपाशीची शेतं बघत राहिला. उतरताना मात्र रिकाम्या करंड्यांची चळत त्यानं तिच्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर घेतली.

बातमी गावात त्यांच्या मागोमागच पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव अंगणात येऊन उभे राहिले. भावाच्या बायकोशी ते थेट बोलत नसत, तसा रिवाज नव्हता. ते देवीदासशी बोलले, पण आवाज घरात पोचेल असा.

"माह्या करंड्या खोलाले कोनं सांगतलं होतं? भर बाजारात! लोक म्हनत असतीन, खुशालरावची बाग बसली. नऊ पाठवल्या, चारच विकल्या."

 देवीदासनं दाराकडं पाहिलं.

"दादांले सांगा," आतून शकुन म्हणाली, "त्याईच्या वाटनीच्या झाडाईले यंदा पानी पुरलं नाई, थे साऱ्या गावाले दिसते. त्यात लाज काहाची? फळ बारीक झालं तं बारीक म्हनून विकाव."

"अन् दरसालपरीस करंड्या कमी दिसल्या तं?"

"कमी दिसू द्या. पंचाईनं पान त्याईले देल्लं. पानाले खोटं बोलाले लावाची मुभा नाई देल्ली."

 देवीदास तेव्हा उठला आणि दारात जाऊन उभा राहिला, शकुनकडं पाठ आणि भावाकडं तोंड करून.  खुशालरावांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि निघून गेले.

दोन्ही घरांचं बोलणं वाटणीपासून तुटलेलं होतंच. आता वाटेत समोर आले तरी खुशालराव रस्ता बदलायला लागले. विहिरीवर एकदा मनकर्णाबाई भेटली. घागर बुडवता बुडवता, कोणी ऐकत नाही असं बघून म्हणाली,

"मी बारीक भरत होती ना, तं पान शिवतांनी माहा हात थरथरे. त्याईले सांगतलं बी होतं."

"जाऊबाई, टोक वाकडं गेलं होतं," शकुन म्हणाली. "मधली शीर पयले ओढून घेत जा. मंग नाई जात."

मनकर्णाबाई हसली. घागर कमरेवर घेऊन ती गेली तेव्हा शकुनला वाटलं, आपण बोलायला नको होतं. आता ते पान तिचं होतं.

पुढच्या तोड्याचा माल घेऊन दोघं अकोल्याला पोचली तेव्हा बाजार भरला होता. कासमभाईंच्या ओट्यासमोर चिमणीच्या करंड्या उतरवताना देवीदासनं तिला कोपरानं खूण केली.

ओट्याच्या पलीकडल्या टोकाला खुशालराव बसले होते. स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा. त्यांच्यापुढं सात-आठ करंड्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि एकीच्याही गोणपाटावर काही शिवलेलं नव्हतं. तोंडं अर्धी उघडीच ठेवली होती. आतली बारकी, हिरवट संत्री वरूनच दिसत होती.

त्या ओळीपासून हातभर अंतरावर एक करंडी वेगळी ठेवली होती. तिच्यावर निळं पान होतं. एकाच करंडीवर.

"एकच?" देवीदास पुटपुटला. "दादानं एकच आनली?"

शकुननं मान वळवली आणि आपल्या करंड्यांशी बसली. कासमभाई ओट्यावरून काही बोलत होते, बिनपानाच्या करंड्यांचा लिलाव झटपट उरकत होता, भाव पडेल तो पडत होता. खुशालराव कुणाशी घासाघीस करत नव्हते. बघणारे बघत होते. दरसाल गाडीभर माल आणणारा माणूस, आणि यंदा हे. खुशालराव ताठ बसून राहिले.

मग मुंबईचा व्यापारी पुढं आला. मागच्या वेळी करंडी परत पाठवणारा तोच. त्यानं निळ्या पानाच्या करंडीवर काठी टेकवली.

"ही वेगळी का ठेवलीय?"

"पानाजोगी एवढीच निघाली," खुशालराव म्हणाले.

"आणि बाकीची?"

"बाकीची पानाजोगी नाई."

व्यापाऱ्यानं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मग खाली वाकून गोणपाटावरचं पान पाहिलं. मधली शीर सरळ होती.

"हे पान तुमचंच ना? तुमच्या घराण्याची खूण?"

 खुशालरावांनी शकुनकडं पाहिलं नाही. पण त्यांचा आवाज मोठा झाला, अंगणातून घरात पोचावा इतका, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल इतका.

"माह्याकडे हाये. पन पान आमच्या देवीदासच्या मंडळीचं. बनवलं तिनं. मी लावून राहिलो."

व्यापाऱ्यानं रुमाल पसरला, आणि त्याखाली कासमभाईंचा हात धरला.

देवीदास बघत राहिला, मग उठला आणि गर्दीतून वाट काढत भावाकडं गेला. शकुन मागं एकटी राहिली. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला, आणि भरून तयार असलेल्या चिमणीच्या करंडीत आणखी थोडं गवत घालून ती दाबत बसली.