दोन होकार

दिवाळे गावच्या खाडीला भरती कधी लागेल, ओहोटी कधी, हे सांगणारं सॉफ्टवेअर नंदकिशोर सरांनी वीसेक वर्षांपूर्वी बेलापूरच्या आपल्या घरी बसून लिहिलं आणि पहिल्याच दिवशी जगाला खुलं करून टाकलं. कुणीही यावं, चूक दाखवावी, दुरुस्ती पाठवावी; आतल्या दोघांनी होकार दिला की ती सगळ्यांच्या मोबाइलवर. मनस्वीही कॉलेजात असताना अशीच बाहेरून आली आणि आतली झाली. तिचे बाबा, तुळशीराम, त्याच वेळा बघून होडी काढत आणि लेकीचं कौतुक जेट्टीवर ज्याला त्याला ऐकवत.

सगुणा नावाच्या कुणीतरी पाठवलेली पहिली दुरुस्ती अगदीच किरकोळ होती: दिवाळ्याची भरती थोडी उशिरा धरा. नवख्याला हुरूप यावा म्हणून सर न बघताच होकार देत, दुसरं माणूस तपासेलच म्हणून; आणि सरांचा होकार दिसला म्हणून मनस्वीनेही फारसं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, की पाणी आज मागं पडलं, पण मोबाइलात बरोबर होतं. तिचा घास हातातच राहिला. कालपर्यंत पाणी जुन्या वेळेवर येत होतं, हे तिने स्वतः पाहिलेलं होतं.

सगुणाची पुढची दुरुस्ती तिने मुद्दाम अडवून धरली. तितके दिवस पाण्याने वेळ बदलली नाही. मग तिने भीतभीत होकार दिला, आणि त्याच संध्याकाळी ते सगुणाच्या वेळेला आलं.

सरांना सांगितलं तर ते हसले. पाणी चंद्राचं ऐकतं, आपलं नाही, म्हणाले, आणि मग जरा दुखावल्यासारखे, "दार उघडं ठेवलं म्हणून हे टिकलं, मनस्वी. तू आलीस तेव्हा मी तुझं गाव विचारलं होतं का?"

आज दुपारी ऑफिसात तिने जेवणाचा डबा उघडला तोच तिसरी दुरुस्ती आली. दिवाळ्याच्या आजच्या भरतीनंतरची ओहोटी सगुणाने पुसून टाकली होती. सवयीप्रमाणे सरांचा होकार आधीच पडलेला होता. उरला होता तिचा. जेट्टीला लागून असलेलं आपलं घर, ओट्यावर वाळत घातलेले बोंबील तिच्या डोळ्यांपुढे आले. तिने सगुणाला विचारलं, हे कशावरून? उत्तर लगेच आलं, जणू पलीकडे कुणी बसूनच होतं.

"होकार द्या, मग दिसेल."

सर फोन उचलेनात. नकार द्यायचा तर बाहेरच्या माणसाला सभ्य शब्दांत कारण द्यायचं, हा त्यांचाच नियम. कारण लिहिल्याशिवाय नकाराचं बटण दाबताच येत नसे. 'पुरावा नाही,' असं तिने लिहिलं आणि खोडलं, कारण पुरावा कसा मिळेल हे तिला ठाऊक होतं. दुसरं काही सुचेना. इतक्यात फोन थरथरला आणि ती दचकली.

"बाय, ओहोटीची येल टळली ना?" बाबा जेट्टीवरून बोलत होते. "मंग पानी उतरत का नाय?"

"वर येतंय का?"

"वर पन येत नाय." सारा जन्म खाडीवर काढलेल्या त्या माणसाने, कुणी ऐकेल अशा भीतीने, आवाज खाली आणला. "उभंच हाय. कोनाची तरी वाट बघल्यासारखं."