तिसरी घोषणा

मेणबत्तीवाल्याच्या थोरल्या मुलीचं लग्न बापाने आणि पाळकांनी परस्पर ठरवलं. नवरा खोगिरं शिवणारा जिनगर, बिजवर. मुलीने कुरकुर केली तेव्हा बाप म्हणाला, "देवाच्या घरात शब्द दिलाय मी. आता तुझं काही चालायचं नाही." तेव्हापासून ती दिवसभर कढईतल्या मेणात वाती बुडवायची आणि आई तिच्यावर पहारा ठेवायची.

लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार घोषणा व्हावी लागे; त्यातल्या दोन झाल्या. कुणाची हरकत आहे का, असं पाळकांनी विचारलं की बाप तिचं मनगट घट्ट धरायचा. तिसऱ्या रविवारीही त्याने धरलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून खुद्द जिनगरच उठला.

"माझी हरकत आहे," तो म्हणाला. "मुलीला कुणी विचारलंय का?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. "हो म्हण," बाप पुटपुटला. हो म्हटलं तर जिनगराच्या घरात अडकणार, नाही म्हटलं तर बापाच्या.

"मला आधी यांच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "बाबा नकोत तिथे."

बाहेर पायरीवर तिने विचारलं, "तुम्ही का उठलात?"

"पहिलीलाही कुणी विचारलं नव्हतं. शेवटपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही."

लग्न लांबणीवर पडलं आणि बापाने तिच्याशी अबोला धरला. आईचा पहाराही सुटला नाही. जिनगर मात्र दर रविवारी पायरीवर येऊन तिच्याशी बोलत बसायचा. हिवाळा सरता सरता ती आपणहून हो म्हणाली.