पोलीस पाटलाचा नंबर

प्रणालीनं ओवी लिहिली ती अशीच, बसल्या बसल्या. अमरावतीतल्या तिच्या कॉलेजात मुलींचं वसतिगृह बांधून दीड वर्ष झालं होतं. रंग झाला, पंखे लागले, पण उद्घाटनाला मंत्रीसाहेबांची तारीख मिळेना म्हणून दाराला कुलूप. तेल्हाऱ्याकडच्या, धामणगावाकडच्या पोरी एकेका भाड्याच्या खोलीत चौघी-चौघी दाटून राहत. तिनं पोरींच्या ग्रुपवर टाकलं:

पयली माही ओवी वो, नव्या इमारतीच्या दारा
लेकी भाड्याच्या खोलीत, कुलपाले गार वारा
दुसरी माही ओवी वो, सायबाच्या कातरीले
फीत कापाले मुहूर्त, सापडेना बिचारीले

जुईलीनं ती गाऊन तिचं रील केलं. जुईली तिची वर्गमैत्रीण, अमरावतीचीच, वकील कमलाकांतांची लेक. त्यांच्या घरी जेवताना सरकारवरून कडाक्याची भांडणं होत, आणि भांडून झालं की ताक वाढलं जाई. प्रणालीच्या घरी असला विषय निघाला की तिची आई वच्छला आधी दार लोटून घेई.

रील गावोगाव फिरलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ग्रुपवरच्या मूळ ओवीचा फोटो बाहेर सोडला. त्यावर प्रणालीचा नंबर होता. नंबरावरून नाव दाखवणाऱ्या ॲपात लोकांनी तो टाकला, आणि नाव उमटलं: पुंजाराम पोलीस पाटील.

तिच्या बापाचं नाव. ती अमरावतीला निघाली तेव्हा आबांनी आपला जुना फोन सिमसकट तिच्या हाती ठेवला होता आणि स्वतःला नवा नंबर घेतला होता. पंचक्रोशीच्या मोबाइलांत मात्र जुना नंबर अजून पाटलाचाच होता. पोलीस पाटलानं राजकारणात पडायचं नाही, हा नियम. त्यात पुंजारामांच्या नेमणुकीची मुदत याच महिन्यात संपत होती.

फोन थरथरायचा थांबेना. ‘काहो पाटील, काठी सोडून जातं धरलं का?’ ‘सायबाची कातर दिसली, सायबाचा हात नाही पायला तुमी.’

दुसरा निरोप वाचला आणि प्रणालीनं फोन पालथा ठेवला.

सकाळी आबांचा फोन आला. "मले अकोल्याले प्रांताच्या कचेरीत बोलावलं, दोन वाजता. तू कोनापाशी काही बोलू नको. मी सांगतो का मीच लिवलं."

"आबा, तुमची पाटीलकी जाईन ना!"

"जाईन तं जाईन. पोरीचं नाव एकडाव कागदावर चढलं का उतरत नाही, माय." फोन कट.

ती पिशवी भरू लागली तशी जुईली म्हणाली, "घाबरतेस काय इतकी? मी तर आज दुसरा भाग टाकणार आहे. तिथं माझं नाव सांग बिनधास्त. बाबा आहेत ना."

"तुहे बाबा तुह्या पाठीशी हायेत वो," प्रणाली म्हणाली. "माहे बाबा माह्यापायी चालले."

जुईलीनं स्टँडपर्यंत पिशवी उचलली, तेवढंच.

मूर्तिजापूर मागे पडलं तरी प्रणालीला दोन्ही बाजूंची कपाशी दिसली नाही. बसमध्ये कुणी मोबाइल वर धरला की तिला वाटे, आपलाच फोटो काढताहेत. मागच्या बाकावर कुणी हसलं की मान आखडे. आबा काय बोलतील? त्यांना तर ओवीतली कातर कोणाची हेही धड ठाऊक नसेल.

अकोल्याच्या कचेरीत आबा खुर्ची असून उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात टोपी. तिला पाहून त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"काहून आली तू?"

तिनं टेबलामागच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. "ओवी माही हाये साहेब. नंबर मी वापरते. आबांना माहीत नव्हतं."

अधिकारी थकलेला माणूस होता. त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. "लिहून दे. आणि ‘चुकून लिहिलं’ असं टाक. वडिलांचं प्रकरण इथंच मिटेल."

तिनं लिहिलं. ‘सदर ओवी माझ्याकडून चुकून लिहिली गेली.’ बापासाठी एक शब्द, त्यात काय जातं? तिनं कागद आबांकडे दिला.

पुंजारामांनी आयुष्यभर लोकांचे जबाब घेतले होते. सही करण्याआधी जबाब मोठ्यानं वाचून दाखवायचा, ही त्यांची रीत. ते वाचू लागले आणि ‘चुकून’पाशी थांबले. पुन्हा वाचलं. पुन्हा थांबले.

"चुकून लिवलं का तू?"

प्रणालीला अधिकाऱ्याकडे बघवेना, बापाकडेही बघवेना. तिनं हलकेच मान हलवली. नाही.

आबांनी खिशातला पेन काढला. ‘चुकून’वर सरळ एक रेघ ओढली. शब्द खोडला की बाजूला सही लागते. ती त्यांनी सावकाश, पूर्ण नावानिशी केली, हुद्द्यासकट.

"पाटील," अधिकारी म्हणाला, "हा कागद वर जाईल. विचार करा."

"केला, साहेब." आबा म्हणाले. "खोटा जबाब आजपावतर घेतला नाही. पोरीचा कसा घेऊ?"

त्यांनी पेन तिच्यापुढं धरला. तिचा हात इतका हलत होता की सही कुठं करायची ते त्यांनी बोटानं दाखवलं, आणि ते बोटही हलत होतं.